ऐंशी टक्क्यांची जागल

"तुह्या ऐंशी टक्क्यानं माह्या भुईमुगाची चार तासं खाल्ली," पारावर बूड टेकायच्या आधीच मामा बोलले. तास म्हणजे आमच्याकडं पिकाची ओळ.

आमचा मोबाईलवाला, त्याला सगळे बॅटरीच म्हणतात, खाली मान घालून एका फोनच्या चार्जिंगच्या तोंडात कडुनिंबाच्या पानाची काडी फिरवत होता. काडीच्या टोकाला कापसाचा मळकट, दाबून घट्ट झालेला गोळा आला, ज्वारीच्या दाण्याएवढा. तो त्यानं फुंकून दिला, वायर लावली, चार्जिंगची खूण दिसली, फोन मालकाच्या हातात ठेवला. पैसे घेतले नाहीत. "पिन खराब नोती, खिशात कापूस होता," एवढंच म्हणाला. मग मामांकडं वळला. "कोनती ऐंशी टक्के, मामा?"

बॅटरीचं खरं नाव आता रेशनकार्डापुरतं उरलंय. यवतमाळ-दारव्हा रस्त्यावरून आत वळलं की आमचं गाव, आणि गावात शिरताच त्याचं पत्र्याचं खोकं. तिथं मोबाईल दुरुस्ती. शिवाय दर शनिवारी रात्री गावाच्या व्हॉट्सॲप गटावर त्याचं बोलकं बातमीपत्र येतं. दहा-बारा मिनिटांचं. काय नवीन आलं, काय महागलं, फसवणुकीचा कोणता नवा धंदा निघाला. सुरुवातीला तो "नमस्कार मित्रांनो" असं टीव्हीवाल्यासारखं बोलायचा. लोकांनी इतकी टर उडवली की आता "ऐका बाप्पा" म्हणून सुरू करतो. रविवारी संध्याकाळी पारावर त्याची झडती. ऐकणारे तोंडावर सांगतात.

दोन आठवड्यांपूर्वी त्यानं सांगितलं होतं, फोन शंभर टक्के भरू नका, ऐंशीवर थांबवा, बॅटरी जास्त वर्षं टिकते. मामांनी पोरीकडून सेटिंगच करून घेतली. गुरुवारी भुईमुगात जागलीला गेले. फोनचा टॉर्च, आणि डुकरं बिचकावीत म्हणून मोठ्यानं भजनं. अडीच वाजता फोन मेला. टॉर्च गेला, पांडुरंग गेला, आणि अंधारात कळप शिरला.

"वीस टक्के कुठी गेले माहे?"

"वाचले ना मामा. दोन वर्षानं कामी येतीन."

"दोन वर्षानं हा भुईमूग येईन का बे परत?"

पार हसला. बॅटरी मात्र हटणारा नव्हता. त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतंच. लिथियमची बॅटरी काठोकाठ भरून ठेवली की आत ताण राहतो, गुलेलचं रबर ताणून खुंटीला टांगून ठेवल्यासारखा. आयफोन १५ आला २०२३ मध्ये, त्यात ऐंशीवर थांबायची सोय कंपनीनंच दिली. अँड्रॉइडच्याही कितीतरी फोनांत आहे. आणि या ताणात उष्णतेची भर पडली की बॅटरीची झीज आणखीच वाढते.

"गरमीचं बोलू नोको," शेठ म्हणाले. किराणा दुकान, वर मोबाईलच्या वायरी. "गरमीचं सांग त्या कंपनीले."

तेव्हा गुरुजींनी चष्मा सारखा केला. जिल्हा परिषदेतून निवृत्त, पेन्शन आणि पेपर दोन्ही नियमित. "आयफोनवाले स्वतः लिहितात की बाहेरचं तापमान शून्य ते पस्तीस अंश असताना फोन वापरावा. पस्तीसच्या वर बॅटरीचं कायमचं नुकसान होऊ शकतं."

"पस्तीस?" मामा म्हणाले. "आपल्याकडं पस्तीस कवा ऱ्हायते?"

"होळीपर्यंत. मंग नाई."

"म्हन्जे आठ महिने वापराचा अन् चार महिने कोठीत ठेवाचा? बियाण्यासारखा?"

शेठनी एका मे महिन्यात फोन खरंच फ्रीजमध्ये ठेवला होता, दह्याच्या गंजाशेजारी. बाहेर काढल्यावर कॅमेऱ्याच्या आतून दव जमलं आणि पुढं महिनाभर त्यांचे सगळे फोटो धुक्यातले आले. ही गोष्ट पाराला पाठ आहे, तरी पुन्हा झाली. त्यावर बॅटरीनं सांगितलं ते मात्र लिहून ठेवण्यासारखं होतं. फोन तापला तर आधी कव्हर काढा, सावलीत ठेवा, चार्जिंग बंद करा. बस. सगळ्यात वाईट म्हणजे मोटरसायकलच्या हँडलला फोन लावून, भर उन्हात, नकाशा चालू, आणि वरून चार्जिंग. यवतमाळपर्यंत असा जाणारा प्रत्येक पोट्टा स्वतःची बॅटरी स्वतःच्या डोळ्यांसमोर भाजत नेतो.

मामांना यातलं काही नको होतं. त्यांचा मुद्दा सरळ होता. "तू जे सांगतं ना, ते ज्याच्या उशाशी रातभर पिन लावून ऱ्हायते त्याच्यासाठी हाये. माह्या वावरात काय पिन हाये? बॅटरी म्हन्जे चप्पल. झिजासाठीच घेतो माणूस. चप्पल टिकावी म्हणून अनवाणी चालू का?"

मला हे पटलं, आणि बॅटरीलाही पटलं असावं, कारण तो एकदम गप्प झाला आणि काडीनं नखं कोरायला लागला. दोन वर्षांनी बॅटरी बदलायचा खर्च एकीकडं आणि चार तासांचा भुईमूग एकीकडं. हा हिशेब त्यानं शनिवारी केला नव्हता. मोबाईल कसा टिकवावा हे सांगताना मोबाईल कशासाठी घेतलाय हे कुणी विचारत नाही, अशी माझीही जुनी तक्रार आहे. पण मी पडलो चार एकरवाला, तेव्हा चहा मागवला.

चहा आला तसा विषय शेठनी आपल्याकडं ओढला. त्यांच्याकडं जुन्या पिनच्या वायरींचा गठ्ठा पडून आहे आणि आता जो येतो तो 'सी टाईप' मागतो. बॅटरीनं बातमीपत्रात सांगितलं होतं की युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या फोनांना टाईप-सीच लागते, कायदाच आहे, आणि लॅपटॉपना २८ एप्रिल २०२६ पासून. शेठचा राग युरोपावर.

"त्याईनं तिकडं कायदा करावा अन् माह्या वायरी इथं सडाव्या!"

"कायदा याच्या आधीच गेल्या तुमच्या वायरी," बॅटरी म्हणाला. "सप्टेंबर २०२३ ले आयफोननं पिन बदलली तवाच समजाचं होतं. अन् सगळी सी टाईप सारखी नाई, हेही गिऱ्हाइकाले सांगत जा. तोंड सारखं, आंग येगळं. साधी वायर साठ वॅटपर्यंत. त्याच्यावर पाह्यजे तर आत चिप असलेली लागते. तुमी लॅपटॉपवाल्याले फोनची वायर देता अन् मंग तो माह्याकडं येते भांडाले."

शेठनी विषय लगेच टीव्हीवर नेला. बत्तीस इंचावरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून अठ्ठावीसचा अठरा झाला, मग मोबाईलचा का नाही? तो आधीपासूनच अठरा होता, गुरुजी म्हणाले. विषय संपला.

खरी गंमत सेंटरवाल्यानं आणली. ऑनलाइन अर्जाचं दुकान चालवणारा पोट्टा, पंचविशीचा. त्याचा कॉम्प्युटर विंडोज दहावर. विंडोज दहाला कंपनीकडून मोफत मिळणारे सुरक्षेचे अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपले, घरगुती वापराला मिळालेली एक वर्षाची मुदतवाढही १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतचीच, हे बॅटरीनं तीनदा सांगून झालं. याचं उत्तर तिन्ही वेळा एकच, "चालू तर हाये."

"चालूच ऱ्हाईन," बॅटरी म्हणाला. "पण आता कुंपनाले भोसका पडला तर बुजवणारा कोनी नाई. मामाचा भुईमूग गेला. तुह्या कॉम्प्युटरात अर्ध्या गावाचं आधार अन् पासबुक हाये."

मामांनी हे ऐकून सेंटरवाल्याकडं पहिल्यांदाच नीट बघितलं.

"मंग विंडोज अकरा टाकून दे ना," ते म्हणाले.

"पडत नाई. जुन्या मशिनीत ते सुरक्षेचं चिप लागते, ते नाई. नवीन घ्याले गेलो तं यवतमायचा दुकानदार म्हन्ते रॅम महागली. काऊन महागली?"

आता बॅटरी रंगात आला. जगात ही रॅम, म्हणजे मेमरी, बनवणारे मोठे तीनच, सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरांना वेगळ्या जातीची, भारी मेमरी लागते आणि ते मागेल तो भाव देतात. मग कारखान्यांनी साध्या मेमरीचं उत्पादन तिकडं वळवलं. मायक्रॉननं तर डिसेंबर २०२५ मध्ये सांगूनच टाकलं की 'क्रुशियल' नावानं किरकोळ गिऱ्हाइकाला विकायचा धंदा बंद करणार.

"म्हन्जे व्यापाऱ्यानं माल दाबला," शेठ अनुभवानं म्हणाले.

"दाबला नाई. पेरा बदलला. वावर तेवढंच हाये. काल पऱ्हाटी होती, आज त्याच वावरात सोयाबीन टाकलं, तं कापूस कमीच येईन ना?"

"कमी आला तं भाव वाढते, असं म्हन्तं तू?" मामांनी विचारलं.

"हौ."

"आपल्याकडं गावाच्या गावानं सोयाबीन लावलं. कापसाचा भाव कुठी वाढला?"

बॅटरी अडकला. गुरुजींनी सावरायचा प्रयत्न केला की २०२५-२६ ला लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव ८११० रुपये होता. मामांनी फक्त मान फिरवून रस्त्याकडं पाहिलं. सेंटरवाल्यानं मात्र खिशातून फोन काढून आपल्या जुन्या कॉम्प्युटरच्या रॅमचा भाव बघायला सुरुवात केली. उद्या विकतो की काय, अशी त्याच्या चेहऱ्यावर आशा.

इतका वेळ टपरीच्या चुलीमागून मावशी ऐकत होती. टपरी तिची, शिवाय दोन एकर पऱ्हाटी. "तुमी सगळे बोलून ऱ्हायले. मीही शनिवारचं ऐकलं. याईनं सांगतलं होतं, टाईप करू नोका, फोनशी मराठीत बोला, त्याले समजते. थांबा, दाखवतो."

तिनं पदरानं हात पुसला, फोनचं माईकचं चित्र दाबलं आणि गायीला हाक मारावी तशा आवाजात म्हणाली, "पऱ्हाटीवर अयी पडली, काय मारू?"

आम्ही सगळे वाकलो. पडद्यावर अक्षरं उमटली: पराठीवर आई पडली काय मारू.

खाली तीन चित्रं आली. आलू पराठा, मेथी पराठा, आणि पराठे दुसऱ्या दिवशीही मऊ राहावेत म्हणून काय करावं. मावशी गंभीरपणे तिन्ही वाचून म्हणाली, "हे असं. यात औषध कुठी हाये?"

गुरुजींनी फोन घेतला आणि वर्गात उभे असल्यासारखे एकेक अक्षर सुटं करून बोलले, "कपाशीवरील, गुलाबी, बोंडअळीचे, नियंत्रण." लगेच कामगंध सापळे, निंबोळी अर्क, सगळं आलं. विजयी चेहऱ्यानं त्यांनी फोन परत केला. "बघा. शुद्ध बोललं की कळतं."

यावर जे भांडण झालं ते लिहिण्यासारखं नाही. गुरुजींनी चाळीस वर्षं पोरांच्या 'अयी'ची 'अळी' केली, त्यातली निम्मी पोरं तिथंच बसलेली. बॅटरी म्हणाला, चूक मावशीची नाही. मशीन जे लिहिलेलं, बोललेलं सापडलं त्यावर शिकते, आणि आपण घरात बोलतो वऱ्हाडी, लिहायची वेळ आली की पुस्तकी. आपली बोली त्याच्या कानावर पडणार कुठून? सेंटरवाला म्हणाला, मग आपण अर्जही वऱ्हाडीत भरू. गुरुजी उठून जायला निघाले, मग चहा अर्धा राहिला म्हणून बसले.

मावशीचा निकाल वेगळाच. "माहा नातू पुन्याचा हाये. पयल्या उन्हायात त्याले माहं एक अक्षर समजत नोतं. मी काय पुन्याचं बोलाले शिकली का? दोन उन्हायात तोच शिकला." असं म्हणून तिनं फोन पुन्हा तोंडाशी धरला आणि तोच प्रश्न आणखी मोठ्यानं विचारला. या वेळी पडद्यावर 'परातीवर' आलं. "पाहा, सरकून ऱ्हायलं," ती म्हणाली.

अंधार पडायला लागला तसं मामा उठले. जागलीची वेळ. जाता जाता त्यांनी बॅटरीला सुनावलं, शनिवारची वाट पाहू नको, आताच दुरुस्ती सांग, आज रात्री गावात आणखी कुणाचं वावर खाल्लं जाईल. बॅटरीचा स्वतःचा फोन सहा टक्क्यांवर होता, म्हणून गुरुजींचा घेतला. पहिल्या वेळी मधेच मुक्कामी एसटीनं हॉर्न मारला. दुसऱ्या वेळी मामा बाजूनं ओरडले, "डुक्कर म्हन ना, डुक्कर!" तिसऱ्या वेळी जमलं:

"ऐका बाप्पा. ऐंशी टक्क्याचं मी सांगतलं ते घरी बसणाऱ्यासाठी. जागलीले जाणाऱ्यानं शंभर भरा, निघाच्या आधी भरा, अन् उजेडासाठी येगळा टॉर्च ठेवा. फोन फोनसाठी ठेवा. डुक्कर टक्के पाहून येत नाई."

पाठवला. मामा सायकलवर बसून गेले. आम्ही आपापल्या फोनवर निरोप यायची वाट पाहत राहिलो. कुणाच्याच फोनवर आला नाही. गुरुजींनी चष्मा लावून पाहिलं तर तो गावाच्या गटावर गेलाच नव्हता. निवृत्त शिक्षकांच्या तालुका गटावर गेला होता, आणि खाली अकरा जणांनी हात जोडले होते.

बाराव्यानं लिहिलं होतं, "छान माहिती. टॉर्च कोणत्या कंपनीचा घ्यावा?"