बाळाला अंडं द्यायचंय? आधी पंचायत बसवा

बाळाला सहा महिने पूर्ण झाले. मामाने चांदीच्या वाटीतली खीर चाटवली, उष्टावण पार पडलं, फोटो सगळ्या ग्रुपवर गेले. आता कुणीतरी, बहुधा बाळाची आईच, पोळ्या लाटता लाटता हळूच म्हणेल, ‘डॉक्टर म्हणाले, अंडं सुरू करायला हरकत नाही.’ लाटणं तिथेच थांबवा. अंडं म्हणजे काही साधी गोष्ट नाही. चहात बुडवलेलं बिस्कीट साधं, ते पाचव्या महिन्यातच देऊन झालंय. बारशाला मधाचं बोट लावलं, तेही साधंच. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोट्युलिझम, म्हणजे जिवावर बेतणारी विषबाधा, होऊ शकतो असं डॉक्टर ओरडून सांगतात, पण मधासाठी कधी पंचायत बसलीय का? आणि परवा शेतातल्या भरीत पार्टीत काकांनी हिरव्या मिरचीचं भरीत त्याच्या ओठाला लावलं, बाळ लालबुंद झालं, सगळे हसले. ते तर संस्कार.

अंड्याला मात्र प्रत्येकाची सही लागते. आजी पहिली तोंड उघडेल, ‘माय वं, इतलासा पोऱ्याले आंडं? गरम पडी त्याले!’ हा मुद्दा खोडून काढायचा विचारही करू नका. भुसावळात मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो, त्यात अंडं म्हणजे आगीत तेल. मग पावसाळ्यापर्यंत थांबा. पावसाळ्यात चातुर्मास लागतो. तो संपेपर्यंत थंडी पडते आणि थंडीत पांढरं कफ करतं. त्यात मार्गशीर्षातले गुरुवार. होळीनंतर एखादा मोकळा मंगळवार सापडेलसं वाटतं, तर मंगळवार देवीचा. एवढ्यात पुन्हा अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, येते आणि ऊन तापतं. अशा रीतीने, कुणीही स्पष्ट नाही न म्हणता, वर्ष निघून जातं.

सुरतेची आत्या फोनवरून मत देईल. शेजारच्या काकू भाजी निवडायला म्हणून येतील आणि गावरान की बॉयलर हा वाद लावून देतील. तपकिरी कवच म्हणजे गावरान आणि गावरान म्हणजे ताकद, असं ठरवून टाका. कवचाचा रंग कोंबडीच्या जातीवरून ठरतो, बलकाचा रंग तिने काय खाल्लं त्यावरून, आणि पोषणात फारसा फरक नसतो, हे कुणी सांगू लागलं तर त्याला चहा द्या.

आता खरा पेच. भांडं.

आमच्याकडे अंड्याचं एक वेगळं पातेलं आहे. ॲल्युमिनियमचं, एका बाजूने चेपलेलं, बुडाला काळ्याचा थर. ते मागच्या ओट्यावर न्हाणीशेजारी खिळ्याला लटकतं. त्याच्या कानाला सुतळीने एक चमचा बांधलेला आहे, आतल्या चमच्यांत चुकून मिसळायला नको म्हणून. घरातले पुरुष रविवारी त्याच्यात अंडी उकडतात, ओट्यावरच उभ्याने खातात, कवचं कागदात गुंडाळून कोपऱ्यावरच्या कचऱ्यात टाकतात आणि हात धुऊन आत येतात. म्हणजे अंडं घरात आहे, पण घरात नाही. आता बाळाने कुठल्या चमच्याने खायचं? चांदीच्या खाल्लं तर तो चमचा परत देवघराशेजारच्या कपाटात जाणार का? सुतळीवाल्या चमच्याने खाल्लं तर बाळ आत येणार का? या प्रश्नावर आमच्या घरी दोन तास चर्चा झाली आणि तेवढ्यात बाळ झोपून गेलं.

ज्यांच्या घरी गळ्यात माळ आहे आणि अंडं खरंच उंबरा ओलांडत नाही, त्यांच्याशी माझं भांडण नाही. डाळी, दूध-दही, शेंगदाण्याची बारीक पूड यांवर त्यांचीही पोरं वाढतात. मी बोलतेय ते सुतळीवाल्यांबद्दल. म्हणजे आमच्याबद्दलच.

पंचायत फारच नरमली तर शेवटची तडजोड म्हणून ‘फक्त पिवळं’ मान्य करा आणि पांढरं थेट दुसऱ्या वर्षावर ढकला. ॲलर्जीची भीती आहेच, ती सांगा. याला जुना आधारही आहे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००० साली, ॲलर्जीचा धोका असलेल्या बाळांना दोन वर्षांपर्यंत अंडं देऊ नका, असंच सांगितलं होतं. त्यांनीच २००८ साली, उशीर करून फायदा होतो असा पुरावा नाही, म्हणून तो सल्ला मागे घेतला, हे मात्र बोलू नका. जपानातल्या प्रयोगाचं तर नावही काढू नका. इसब असलेल्या बाळांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली सहा महिन्यांची झाल्यापासून शिजवलेल्या अंड्याची पूड अगदी थोडी थोडी दिली. वर्षाची झाल्यावर त्यांतल्या ८ टक्के बाळांना अंड्याची ॲलर्जी निघाली, आणि ज्यांना ती पूड दिलीच नव्हती त्यांच्यात ३८ टक्के. असले आकडे घरात आले की आजीचा मान जातो.

तरीही द्यायची वेळ आलीच, तर ती रात्रीची निवडा. बाळाला थोडा ताप असेल तर उत्तम. अर्धकच्चं द्या, कारण बाबांना हाफ-फ्राय आवडतं. त्याच दिवशी दाण्याचा कूट, नवीन फळ आणि कुणीतरी आणलेला पेढाही चाखवून घ्या, म्हणजे अंगावर पुरळ उठलं तर गुन्हेगार कोण हे कधीच कळणार नाही आणि नाव अंड्याचंच निघेल. डॉक्टर मंडळींचं सगळं उलटं. सकाळी द्या, बाळ ठणठणीत असताना द्या, दहा-बारा मिनिटं उकडून घट्ट झालेलंच द्या, पिवळं-पांढरं दोन्ही आईच्या दुधात कुस्करून पातळ करा, मीठ-साखर नको, पहिल्या दिवशी अर्धा लहान चमचा, मग रोज थोडं वाढवा. पोराला आधीपासून जोरात इसब असेल तर सुरू करण्याआधी विचारा. पुरळ, ओठांना सूज, उलटी, असलं काही बहुतेक वेळा काही मिनिटांत ते दोन तासांत दिसतं. आणि श्वास लागला किंवा पोर ढिलं पडलं तर दृष्टीचं मीठ-मोहरी खाली ठेवा आणि गाडी काढा. या एका वाक्यात थट्टा नाही.

आपण असं जपून बसलो असताना तिकडे सातपुड्यात भलतंच चाललंय. धडगाव-अक्कलकुव्याकडच्या अंगणवाड्यांत सात महिन्यांच्या पुढच्या पोरांना अमृत आहार योजनेत २०१६ पासून अंडी देतात, जे खात नाहीत त्यांना केळी. तिथल्या सेविकेने सुरतेला फोन केल्याचं ऐकिवात नाही. पण शासनालाही नंतर आपलं पटलं असावं. शाळेच्या पोषण आहारात २०२३ मध्ये आठवड्याला एक अंडं आलं, आणि जानेवारी २०२५ मध्ये त्याचे पैसे बंद करून लोकसहभागातून काय ते बघा असं शाळांना कळवलं. म्हणजे मंत्रालयातही मागच्या ओट्यावर एक पातेलं असणार.

आजीचा शेवटचा बाण असतो, ‘आम्हना पोरे काय आंडा खाईसन वाढनात का?’ यावर तिच्या पोराकडे बघू नका. तो या वेळी मान खाली घालून मोबाईल बघत असतो. काल संध्याकाळी तो स्टेशनबाहेरच्या गाडीवर दोन डबल ऑम्लेट-पाव खाऊन आलाय.

धीर धरा, तुमच्या कष्टाचं फळ मिळेल. बाळ अठरा वर्षांचं होईल, त्याच गाडीपाशी उभं राहून भुर्जीत मिरची जास्त टाकायला सांगेल, रुमालाने तोंड पुसेल आणि घराच्या वळणावर खिशातली बडीशेप चघळेल. ती कुठल्या टपरीवर सुटी मिळते, हे त्याला बाबांनी आधीच दाखवून ठेवलेलं असेल.