“पाच वर्षांपर्यंत घोड्याचे दात बघू नका” म्हणे!

शिंगरं वाढवणाऱ्यांमध्ये एक संदेश सध्या फार फिरतोय. त्याचा गोषवारा असा: कोवळ्या घोड्याचे दात नवेकोरे असतात, म्हणून पाच वर्षांपर्यंत तपासणीची गरज नाही. रानातल्या घोड्यांचे दात कानशीने कोण घासतं? घोडा नीट खातोय म्हणजे तोंड ठीक आहे. लगामाला डोकं झटकतो ती खोड, ती हाताने मोडायची. आणि फारच शंका आली तर वुल्फ टीथ, म्हणजे दाढांच्या पुढे येणारे छोटे दात, उपटून टाका, काम संपलं.

यातला प्रत्येक मुद्दा घोड्याला महागात पडतो, म्हणून एकेक घेतो.

सुरुवात ‘नवेकोरे दात’ या कल्पनेपासून. घोड्याला दुधाचे दात 24 असतात: पुढचे पटाशीचे 12 आणि त्यांच्या मागच्या उपदाढा 12. हे सगळे साधारण अडीच ते साडेचार वर्षांच्या दरम्यान पडतात. पटाशीची मधली जोडी अडीचला, तिच्या शेजारची साडेतीनला, कडेची साडेचारला. उपदाढांचंही तेच, शेवटची चौथ्या वर्षाच्या आसपास बदलते. याच काळात मागच्या दाढा येत असतात, दुसरी दोन वर्षांच्या सुमारास आणि तिसरी साडेतीन ते चारला. नरांना त्यानंतर सुळेही फुटतात. हिशेब मांडून बघा: दोन ते पाच-सहा वर्षांच्या दरम्यान 24 दात जातात आणि नराच्या तोंडात 36 पर्यंत नवे येतात. नेमक्या याच वयात आपण त्याच्या तोंडात पहिल्यांदा लगामाचं लोखंड घालतो, पाठीवर खोगीर टाकतो आणि त्याने शांत राहावं अशी अपेक्षा करतो. ‘बघू नका’ म्हणायला याहून वाईट वय सापडणार नाही.

दुधाची उपदाढ पडताना खालून येणाऱ्या दाढेवर टोपीसारखी बसलेली असते. तिला कॅप म्हणतात. ती वेळेवर सुटली तर प्रश्न नाही. पण अर्धवट सुटून तिरकी झाली की तिची कड हिरडीत किंवा गालात रुतते, तिच्याखाली चारा अडकतो. तरीही दिसेल ती कॅप ओढून काढायची नसते. खालची दाढ तयार होत असताना तिला रक्त पुरवणारा मऊ भाग वरच्या बाजूला शाबूत असावा लागतो. घाईने कॅप काढली तर त्या कायमच्या दाढेचंच नुकसान होतं. सैल झालेली कॅप आणि अजून घट्ट बसलेली कॅप यांतला फरक अनुभवी पशुवैद्यकालाच हाताला कळतो.

रानातल्या घोड्यांचा दाखला ऐकायला बरा वाटतो. पण ते दिवसाचे 14-16 तास खरखरीत गवत चघळतात आणि त्यांच्या तोंडात कुणी लोखंड घालत नाही. दाणे खाणारा घोडा जबडा आडवा कमी फिरवतो, त्यामुळे दाढा कडेपर्यंत झिजत नाहीत. त्यातच घोड्याचा खालचा जबडा वरच्यापेक्षा जवळपास पाव भागाने अरुंद असतो. म्हणून वरच्या दाढांना गालाकडच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेकडच्या बाजूने धारदार टोकं येतात. लगामाचे पट्टे आणि नाकपट्टी गालांना आत दाबतात, ते थेट वरच्या टोकांवर. मोकळ्या घोड्याला जे चालून जातं, ते लगाम चढलेल्याला चालत नाही. आणि रानात ज्याचं तोंड खरंच बिघडतं तो वाळत जातो. तो आपल्याला दाखवायला उरत नाही.

‘खातोय म्हणजे ठीक आहे’ हा मुद्दा मला सर्वांत जास्त खुपतो. घोडा हा शिकार होणारा प्राणी आहे, दुखणं लपवणं त्याच्या रक्तात आहे. गालाला आतून जखमा असूनही तो चारा संपवतो. बघायचं ते दुसरीकडे: चघळलेल्या चाऱ्याचे गोळे खाली पडतात का, लिदीत लांब काड्या आणि अख्खे दाणे दिसतात का, तोंडाला घाण वास येतो का, एकाच बाजूला वळायला तो नकार देतो का.

त्यामुळे ‘खोड’ या शब्दाबद्दल मी फार सावध असतो. डोकं झटकणं, जीभ लोखंडावर घेणं, तोंड उघडं ठेवणं, लगाम धरलेल्या हातावर रेलणं, पुढचे पाय उचलून उभं राहणं ही सगळी दुखण्याचीही लक्षणं असू शकतात. प्रत्येक वेळी दातच दोषी असतील असं नाही. पाठ, खोगीर, स्वाराचा हातही असू शकतो. पण तोंड न तपासता चाबूक उचलणं हा अन्याय आहे. पहिल्या महिन्यात लगाम म्हणजे वेदना हे एकदा डोक्यात बसलं की दात बरे झाल्यावरही ते निघत नाही.

वुल्फ टीथ ही पहिल्या उपदाढेची उरलेली खूण, बहुतेकदा वरच्या जबड्यात. सगळ्याच घोड्यांना त्यांचा त्रास होतो असं नाही. त्रासदायक असतात ते जागा सोडून आलेले, किंवा हिरडीखालीच राहिलेले. त्या टणक गाठीवर लोखंडाने हिरडी चेमटते आणि बाहेरून काहीच दिसत नाही. काढायचे तर गुंगी आणि स्थानिक भूल देऊन, धनुर्वाताची लस झालेली असताना. वरच्या बाजूला टाळूची मोठी रक्तवाहिनी जवळच असते, तिथे अवजार निसटणं परवडत नाही. आणि ते निघाले तरी मागच्या दाढांची टोकं, कॅप जिथल्या तिथेच राहतात.

दुसऱ्या टोकालाही जाऊ नये. कोवळ्या दाढा मशीनने खूप घासल्या तर आतला जिवंत गर उघडा पडतो. टोकं बोथट करणं पुरेसं असतं.

ओठ वर करून बघणं म्हणजे तपासणी नव्हे. जबडा उघडा धरणारं साधन, डोक्याला दिवा, आरसा आणि बहुतेक वेळा गुंगीचं इंजेक्शन लागतं. शेवटची दाढ खूप आत असते. हे पहिल्यांदा लगाम चढवण्याच्या काही आठवडे आधी करून घ्या, म्हणजे जखम झालीच तर भरायला वेळ मिळतो. तोवर दोरावर फिरवणं, थांबणं, मागे सरणं, खोगिराची सवय ही सगळी कामं साध्या मोहरकीवर होतात. पुढे पाच वर्षांचा होईपर्यंत दर सहा महिन्यांनी तोंड पुन्हा उघडून बघा, कारण मागच्या वेळी जे दात पाहिले होते त्यांतले काही आता तिथे नसतील.