नियम बदलायचेत? खुशाल बदला, पण पुढच्या विधानसभेसाठी

विधानसभा अध्यक्ष निवडीचा तो घोळ आता बहुतेक जण विसरलेत. मी अजून धरून बसलोय, कारण आपलं विधिमंडळ स्वतःचे नियम कसे करतं, हे त्या एका प्रकरणात लख्ख दिसलं.

फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोलेंनी अध्यक्षपद सोडलं. गुप्त मतदान झालं तर आपलेच आमदार फुटतील, ही महाविकास आघाडीला धास्ती. म्हणून डिसेंबरच्या अधिवेशनात नियम ६ आणि ७ मध्ये दुरुस्ती झाली. गुप्त मतदान गेलं, आवाजी मतदान आलं. लोकसभेत असंच होतं, मग इथे का नको? मुद्दा बिनतोड होता. पण हरकती-सूचनांची दहा दिवसांची मुदत एका दिवसावर आणली. एका दिवसात कोण काय हरकत घेणार, कपाळ! भाजपने विरोध केला, राज्यपाल कोश्यारींनी दुरुस्ती घटनाबाह्य म्हणत निवडणुकीला मंजुरी दिली नाही. दुरुस्तीविरुद्ध हायकोर्टात याचिका गेली, मार्च २०२२ मध्ये ती फेटाळली गेली. खुर्ची रिकामीच.

(धास्ती खोटी नव्हती बरं का. २० जून २०२२ ला विधान परिषद निवडणुकीच्या गुप्त मतदानात आघाडीची मतं फुटली आणि त्याच रात्री शिंदे सुरतेच्या वाटेला लागले.)

मग सत्तांतर. ३ जुलैला राहुल नार्वेकर निवडून आले, तेही आघाडीने केलेल्याच नियमाने! आधी आवाजी, मग शिरगणती. एकेक आमदार उभा राहून आपला क्रमांक सांगत होता. १६४ विरुद्ध १०७. डिसेंबरात ज्यांना हा नियम चालत नव्हता त्यांना जुलैत तो छान चालला, आणि राजभवनालाही.

घटनेचं कलम २०८ प्रत्येक सभागृहाला आपली कार्यपद्धती ठरवू देतं. गंमत म्हणजे दोन सभागृहांनी एकमेकांना निरोप कसे धाडायचे, याचे नियम मात्र राज्यपाल करतात, तेही अध्यक्ष आणि सभापतींशी सल्लामसलत करून. निरोपाच्या नियमांना तिघांचा विचार लागतो, पण अध्यक्षाच्या खुर्चीवर कोण बसणार हे ठरवणारा नियम त्या दिवशीच्या बहुमतावर बदलतो.

माझं म्हणणं इतकंच की निवडणूक, मतदान, निलंबन यांचे नियम बदलले तर ते पुढच्या विधानसभेपासून लागू व्हावेत. तेव्हा आपण अध्यक्षांच्या उजवीकडे सत्तेत बसू की डावीकडे विरोधात, हे कुणालाच ठाऊक नसतं. मग बघा, प्रत्येक शब्द कसा तोलूनमापून लिहिला जातो!

'अशाने कामच अडून बसेल' असं कुणी म्हणेलच. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये दोन्ही सभागृहं संयुक्त नियम एकमेकांच्या संमतीने ठरवतात. २०१९ नंतर नव्या नियमांवर त्यांचं जमलं ते थेट २०२५ मध्ये. मधली वर्षं जुन्याच नियमांवर निघाली, विधेयकं मंजूर होत राहिली.

आणि त्या दहा दिवसांना साध्या बहुमताने हात लावता येऊ नये. मुदत कमी करायचीच असेल तर दोन तृतीयांश मतं आणा, म्हणजे विरोधकांच्या बाकांकडे जाऊन चार शब्द बोलावं लागेल.