"घरी कोणीतरी आहे ना?" हे विचारणं आता बंद करा

अंगावरून वारं गेलेल्या, म्हणजे पक्षाघात झालेल्या माणसाची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते, रात्रीसुद्धा, नाहीतर पाठीला जखमा होतात. भरवताना बसतं करावं लागतं, पेज दाट ठेवावी लागते, चमचा रिकामा झाला म्हणजे घास गिळला असं नसतं, ते थांबून बघावं लागतं. अन्न श्वासनलिकेत उतरलं तर न्यूमोनिया होतो. लुळा हात धरून माणसाला ओढून उठवायचं नसतं, खांदा सांध्यातून उतरतो. त्यात गोळ्या, बीपी, लघवीच्या कॅथेटरची पिशवी, डायपर, व्यायाम. एवढं सगळं करणार कोण, याची चौकशी इस्पितळं एका वाक्यात उरकतात: "घरी कोणीतरी आहे ना?"

नाही. घरी कोणी नाही. माझ्या मावशीने लग्न केलं नाही. जिल्हा परिषदेच्या शाळांत नोकरी केली, सिंधुदुर्गातल्या लांबलांबच्या वाड्यांमध्ये पोरांना अक्षरं शिकवली, निवृत्त झाल्यावर आजोळच्या घरात एकटी राहिली. मी बेंगळुरूत नोकरी करते. तिला सर्वांत जवळची मीच. पण मी "नाही" म्हटल्यावर समोरचा माणूस पुढचा प्रश्न विचारतो तो असा: "मग तुम्ही किती दिवस राहणार?" म्हणजे उत्तर ठरलेलंच आहे. एक बाई घरी बसणार. ती सून असेल, मुलगी असेल, भाची असेल, पण बाई असणार आणि तिला दुसरं काही काम नसणार, हे धरूनच सगळी व्यवस्था चालते. माझा संताप या गृहीत धरण्यावर आहे.

मावशीला पक्षाघाताचा झटका आला त्या दिवसाबद्दल मी कुणाला बोल लावत नाही. रक्ताची गुठळी असेल तर ती विरघळवणारं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन करून गुठळी आहे की रक्तस्राव, हे बघावं लागतं. आमच्याकडून माणसं गोव्यातल्या बांबोळीच्या सरकारी इस्पितळात धावतात किंवा घाट चढून कोल्हापूरला जातात. मावशीला रात्री झोपेत कधी झालं ते कुणालाच ठाऊक नाही. सकाळी शेजारच्या काकींनी दार ठोठावलं तेव्हा कळलं. ती वेळ हातची गेली होती. त्याचं दुःख आहे, पण त्यावर चिडून काय करू? मी चिडले आहे ती त्यानंतरच्या महिन्यांवर, कारण ते महिने हातात होते. हातापायात जी काही हालचाल परत यायची, तिचा मोठा भाग पहिल्या तीन ते सहा महिन्यांत येतो. डॉक्टर स्वतः हे सांगतात. आणि तेच डॉक्टर डिस्चार्जचा कागद हातात ठेवून आपल्याला त्या महिन्यांत एकटं सोडून देतात. तालुक्याला फिजिओ कोण येतो? गिळायला कोण शिकवेल? एअर बेड, म्हणजे पंपाने हवा भरणारी गादी, कुठे मिळेल? नंबरांचा एक छापील कागदसुद्धा मिळाला नाही. एकेक नाव मी ओळखीच्यांना फोन करकरून शोधलं आणि त्यातच सोन्यासारखे आठवडे गेले.

सरकार म्हणतं, ७० वर्षांवरच्या सगळ्यांना ऑक्टोबर २०२४ पासून आयुष्मान कार्डावर पाच लाखांपर्यंतचे उपचार मोफत. चांगली गोष्ट आहे, त्याने हजारो घरं वाचतील. पण ते संरक्षण इस्पितळातल्या खाटेपुरतं आणि घरी सोडल्यानंतरच्या १५ दिवसांपुरतं. वारं गेलेला माणूस १५ दिवसांत धड बसायलाही लागत नाही! खरा खर्च त्यानंतर सुरू होतो: चोवीस तासांची बाई, फिजिओ, डायपर, भाड्याची खाट. तो कुठल्या योजनेत बसतो ते मला एकानेही सांगितलं नाही. माझ्या मेडिक्लेमवाल्यांनीही हात वर केले.

आता ब्युरो, म्हणजे आजाऱ्याकडे बघायला घरी माणूस पुरवणाऱ्या एजन्सी. ज्याने कधी ब्युरोकडून माणूस घेतलाय त्याला पुढचं सांगायची गरज नाही, पण मी सांगणारच. आधी रजिस्ट्रेशनचे पैसे, मग महिन्याचे आगाऊ. फोनवर सांगतात, "मॅडम, ट्रेन्ड आहे, पॅरालिसिसचे पेशंट केलेत." आलेल्या बाईने आयुष्यात कधी कॅथेटर बघितलेला नसतो. तिने पहिल्याच दिवशी मावशीला आडवं ठेवूनच पाणी पाजलं. काकी तिथे होत्या म्हणून ठसक्यावर निभावलं. दुसरीने पाठीला आणि कंबरेला आधार द्यायच्या ऐवजी मनगट धरून ओढलं. मला त्या बायकांचा राग नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही, त्यांची झोप होत नाही, आणि मी देते त्यातले किती पैसे त्यांच्या हातात पडतात हे विचारलं तर ब्युरोचा माणूस फोन ठेवून देतो. एक बाई खरंच चांगली मिळाली होती. मावशी तिच्या हातून पोटभर जेवायची. तिला ब्युरोने एका रविवारी उचलून दुसरीकडे पाठवलं, कारण तिथे जास्त पैसे मिळत होते. मला कळवलं ते ती एस्टीत बसल्यावर. बदली बाई दोन दिवसांनी आली. ते दोन दिवस काकींनी काढले, स्वतःची साठी उलटलेली असताना.

बंगल्याच्या फाटकावर उभा राहायला पहारेकरी पुरवायचा असेल तर एजन्सीला २००५ च्या केंद्रीय कायद्यानुसार परवाना घ्यावा लागतो, पहारेकऱ्याला प्रशिक्षण द्यावं लागतं. आणि धड बोलता न येणाऱ्या, अंगावरची माशीसुद्धा उडवता न येणाऱ्या म्हातारीच्या घरात रात्रंदिवस माणूस पाठवणाऱ्या ब्युरोकडे मी परवाना मागितला तेव्हा दुकानाचा दाखला सोडून दाखवायला काहीही नव्हतं. फाटकाची किंमत माणसापेक्षा जास्त आहे का? कोण बनवतं हे नियम?

दुरून बघता यावं म्हणून मी कॅमेरा लावला. त्यावरून भावकीत बोलणी झाली, "घरात कॅमेरा लावते, बाईवर विश्वास नाही." विश्वासाचा प्रश्नच नाही, मला रात्री दोन वाजता कूस बदलली का ते बघायचं असतं. पण मिरगाचा पहिला पाऊस आला की आमच्याकडे वीज जाते आणि कधी येईल याचा भरवसा नसतो. वीज गेली की कॅमेरा बंद, आणि त्याहून वाईट म्हणजे एअर बेडचा पंप बंद, गादीतली हवा उतरते. ज्या माणसाला जखमा होऊ नयेत म्हणून ती गादी घेतली तो सपाट प्लास्टिकवर पडून राहतो. इन्व्हर्टर बसवा हेही मला कुणी सांगितलं नव्हतं. गादी विकणाऱ्या दुकानदाराने तरी सांगायला हवं होतं की नाही?

आणि पैसे? मावशीचे पैसे आहेत. आयुष्यभर नोकरी केली आहे तिने, दर महिन्याला पेन्शन जमा होते. पण उजवा हात गेला, सही होत नाही, आणि बँकेच्या शाखेत उत्तर एकच, "खातेदाराला समक्ष घेऊन या." खाटेवरून खुर्चीत बसवायला दोन माणसं लागतात तिला! रिझर्व्ह बँकेचा नियम स्पष्ट आहे. आजारी, अंथरुणाला खिळलेल्या खातेदाराच्या हाताच्या किंवा पायाच्या अंगठ्याचा ठसा चालतो. दोन साक्षीदार लागतात, त्यातला एक बँकेचाच जबाबदार अधिकारी. ठसाही देता येत नसेल तर नुसती खूणही चालते. ७० वर्षांवरच्या खातेदारांना घरपोच सेवा द्या, असं रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्येच सांगितलं आहे. मी ते छापून नेलं. समोरच्या साहेबांनी ते न वाचता बाजूला सरकवलं आणि म्हणाले, "तुम्ही त्यांच्या कोण? मुलं नाहीत का त्यांना?" त्यांना मुलं नाहीत हा त्यांचा गुन्हा आहे का?

कुणी म्हणालं, कुलमुखत्यारपत्र करून घे. वकिलांनी समजावलं की आपल्याकडे १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, मुखत्यारपत्र देणाऱ्याची समज गेली की ते पत्रही संपतं. म्हणजे ज्या दिवशी त्याची खरी गरज पडते त्याच दिवशी ते निरुपयोगी होतं. मग पालक नेमून घ्यायला उच्च न्यायालयात जा. मावशीची समज शाबूत आहे म्हणून ती वेळ आमच्यावर आली नाही, पण ज्यांच्यावर येते त्या घरांचं काय होत असेल? खाटेवर माणूस, नोकरी परमुलखात आणि वर कोर्टाच्या तारखा.

समज शाबूत आहे, हे पुन्हा सांगते, कारण येणाऱ्या-जाणाऱ्यांना ते कळतच नाही. तिची वाचा गेली आहे, अक्कल नाही. तिला सगळं ऐकू येतं, सगळं समजतं, शब्द तेवढे तोंडापर्यंत येत नाहीत. तरी लोक खाटेपाशी उभे राहून मोठमोठ्याने बोलतात, "आता काय राहिलंय हिचं," असं तिच्या तोंडावर म्हणतात. शिक्षिका होती ती! व्हिडिओ कॉलवर मी डोळ्यांतून पाणी येताना बघितलंय. आणि वाचा परत आणायला स्पीच थेरपिस्ट लागतो, तर तालुक्यात एकही सापडला नाही. ऑनलाइन मिळाली ती हिंदीतून शब्द म्हणून घेणारी. घरात जन्मभर मालवणी आणि शाळेत मराठी बोललेल्या बाईला तुम्ही "कुर्सी" म्हणायला लावणार? मराठीतून शिकवणारी शोधेपर्यंत आणखी वेळ गेला.

आता नातेवाईक. यांच्यावर मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. एकाने कबुतराचं रक्त चोळायला सांगितलं. एकाने झाडपाल्याची पुडी आणून दिली आणि बाईला परस्पर सांगून रक्त पातळ ठेवणारी गोळी बंद करवली. मला कॅमेऱ्यात गोळ्यांचा डबा भरलेला दिसला म्हणून कळलं. ती गोळी दुसरा झटका येऊ नये म्हणून असते! दुसऱ्या झटक्याने जीव गेला असता तर तो पुडीवाला जबाबदारी घेणार होता का? एक मामी दर आठवड्याला फोन करून विचारतात, "मग तू येऊन राहात का नाहीस? शेवटी आपलं माणूस आहे." मी नोकरी सोडली तर बाईचा पगार कोण देणार, यावर त्या गप्प. आणि माझा मामेभाऊ? मावशीच्या घरापासून मोटरसायकलवर पंधरा मिनिटं. त्याला आजपर्यंत एकाही माणसाने विचारलेलं नाही की तू का जात नाहीस. तो पुरुष आहे, त्याला कामं असतात.

म्हणून या सगळ्यांना एकदाच सांगते. मी कधी येणार, हे विचारायला मला फोन करू नका. मी येते, मला जमेल तेव्हा येते, आणि रोज रात्री दोनला उठून बघते. तुम्हाला खरंच काळजी वाटत असेल तर रविवारी दुपारी दोन तास तिच्याजवळ बसा, म्हणजे त्या बाईला झोप मिळेल. वीज गेली तर इन्व्हर्टर चालू झाला का ते बघा. बँकेत साक्षीदार म्हणून उभे राहा. काकींना विचारा त्यांच्या पाठीचं दुखणं कसं आहे. यातलं एकही जमणार नसेल तर फुकटचा उपदेश द्यायला माझा नंबर लावू नका, मी उचलणार नाही.