माटिगहोफेनचा पगार, चाकणचा अभिमान

नोव्हेंबर 2025 मध्ये बजाज ऑटोच्या हाती केटीएम या ऑस्ट्रियातल्या मोटरसायकल कंपनीची सूत्रं आली आणि आमच्या घरच्या ग्रुपवर दिवाळी उलटून गेल्यावर पुन्हा फटाके फुटले. पुण्याने युरोप घेतला, गोऱ्यांना आता आकुर्डीहून पगार मिळणार, ईस्ट इंडिया कंपनीचा हिशेब चुकता झाला, वगैरे. माझ्या आत्तेभावाचं उलटंच होतं. बजाजने यात 80 कोटी युरो ओतले, तेवढ्या पैशांत चाकणला आणखी दोन कारखाने उभे राहिले असते, असं त्याचं म्हणणं. मग दोन्ही बाजूंनी मलाच विचारणा, कारण मी साल्झबुर्गला राहतो आणि केटीएमचं माटिगहोफेन इथून एक गाडी बदलली की येतं.

माटिगहोफेन म्हणजे जेमतेम सात हजार वस्तीचं गाव. 1934 मध्ये हान्स ट्रुंकेनपोल्त्स यांनी तिथे दुरुस्तीचं वर्कशॉप काढलं, त्याची पुढे केटीएम झाली. 1991 च्या सुमारास ती एकदा बुडालीही. तुकड्यांत विकली गेली, आणि मोटरसायकलचा तुकडा श्टेफान पीअरर यांनी उचलला. पुढची तीसेक वर्षं तेच इथले शेठ. 2017 च्या निवडणुकीत, पुढे चान्सेलर झालेल्या सेबास्टियान कुर्त्स यांच्या पक्षाला त्यांनी चार लाखांहून जास्त युरोंची देणगी दिली होती. गावात केटीएमचं झकपक संग्रहालय उभं राहिलं तेव्हा त्याला सरकारी पैसा का, यावरून बरीच बोंबाबोंब झाली. म्हणजे शेठ आणि सरकार यांची गट्टी ही काही फक्त आपल्याकडची खासियत नाही.

कंपनी बुडाली ती अगदी ओळखीच्या वाटेने. कोविडच्या काळात लोकांनी दुचाक्या आणि सायकली धडाधड घेतल्या. ही मागणी कायमची आहे असं धरून उत्पादन वाढवलं, कर्ज काढून इलेक्ट्रिक सायकलींच्या धंद्यातही हात घातला. मग व्याज वाढलं, मागणी बसली, तरी गाड्या निघतच राहिल्या आणि डीलरांच्या गळ्यात पडत राहिल्या. जवळपास वर्षभराच्या उत्पादनाइतक्या गाड्या विक्रीवाचून उभ्या होत्या. त्यात 1 जानेवारी 2025 पासून युरोपात प्रदूषणाचे नवे नियम लागू होणार होते, म्हणजे जुना माल त्याआधी नोंदवून मोकळं होणं आलं. 29 नोव्हेंबर 2024 ला रीड गावच्या न्यायालयात दिवाळखोरीचा अर्ज गेला. देणं जवळपास 3 अब्ज युरो.

घरच्या मंडळींना मी एवढंच सांगितलं की हा दिग्विजय नाही, अडकलेला पैसा सोडवणं आहे. बजाजने 2007 पासून इथे पैसे गुंतवलेत. आधी साडेचौदा टक्के, मग वाढत वाढत निम्म्याच्या आसपास. केटीएमच्या छोट्या ड्यूक गाड्या चाकणलाच होतात. 2023 च्या सुरुवातीला तिथून दहा लाखावी केटीएम बाहेर पडली. केटीएमचं नाव मेलं असतं तर चाकणची ती लाइन कुणाच्या नावावर चालणार होती? आत्तेभावाला हे उत्तर पटायला हरकत नाही. तशी त्याची नाराजी मला समजते. 2007 च्याच सप्टेंबरात बजाजचं आकुर्डीतलं उत्पादन थांबलं आणि नोव्हेंबरात ऑस्ट्रियातल्या हिश्श्याची घोषणा झाली. तो आकुर्डीतच वाढला, हे तो विसरणार नाही.

पण मला ग्रुपवर खरं सांगायचं होतं ते वेगळंच, आणि ते ऐकायला कुणाला वेळ नव्हता.

डिसेंबर 2024 मध्ये माझ्या ओळखीतला एक जण, केटीएमच्या असेंब्लीत काम करणारा, नोव्हेंबरचा पगार आणि नाताळचा बोनस दोन्ही न मिळालेल्या साडेतीन हजारांवर माणसांपैकी एक होता. इथे बोनस म्हणजे मालकाची मेहरबानी नव्हे; वर्षाचा तेराव्या-चौदाव्या पगारासारखा तो हिशेबातच धरलेला असतो, आणि लोक त्यावर घराचे हप्ते बसवतात. तो चिडलेला होता, पण घाबरलेला नव्हता. त्याला फॉर्म भरायचा होता. कायद्यानेच प्रत्येक नोकरदार ज्याचा सदस्य असतो त्या कामगार मंडळाची माणसं फॉर्म भरून घ्यायला बसली होती. नाव, खातं, किती थकलं, सही. पैसे आले ते कंपनीकडून नव्हे, दिवाळखोरीत थकलेले पगार देण्यासाठी असलेल्या निधीतून. त्या निधीत देशातला प्रत्येक मालक पगाराच्या 0.1 टक्का भरतो, कंपनी धडधाकट असो की नसो. कंपनीकडून वसुली करायची ती मग निधीने करायची, कामगाराने नव्हे.

त्याच नोव्हेंबरात, 7 तारखेला, आपल्या सर्वोच्च न्यायालयाने जेट एअरवेजची मालमत्ता विकून टाकण्याचा आदेश दिला. जेटची विमानं एप्रिल 2019 पासून जमिनीवर होती. मधली साडेपाच वर्षं थकलेल्या पगाराची वाट बघत गेली. आपल्या 2016 च्या दिवाळखोरी कायद्यात कामगारांचं स्थान वाईट नाही. कंपनी मोडीत निघाली तर दोन वर्षांपर्यंतच्या थकबाकीसाठी ते तारणवाल्या बँकांच्या बरोबरीने उभे असतात. पण रांगेत पुढे उभं असणं आणि काउंटर उघडणं यात फरक आहे. मालमत्ता विकली जाईपर्यंत कुणाच्याच हातात काही पडत नाही.

ऑस्ट्रियाचं कौतुक मात्र इथेच थांबवतो. फेब्रुवारी 2025 मध्ये धनकोंनी 30 टक्क्यांवर समझोता मान्य केला. बँकांनी तो पचवला असेल. पण केटीएमसाठी सुटे भाग करणाऱ्या लहान कारखानदाराला शंभर युरोंचे तीसच मिळाले, आणि त्याच्यासाठी फॉर्म घेऊन कुणी बसलं नव्हतं. समझोत्याचे 54.8 कोटी युरो मे महिन्यात भरायचे होते, ते बजाजच्या पैशांतून भरले गेले. मधल्या काळात उत्पादन दोनदा बंद पडलं, शेकडोंच्या नोकऱ्या गेल्या. आणि आता पुण्याहून खर्चकपातीची भाषा येते तेव्हा माझा तो ओळखीतला मलाच विचारतो, सगळं तुमच्या चाकणला नेणार का? मी बजाजांचा पाहुणा नाही, हे त्याला कितीदा सांगायचं!

शेवटी ग्रुपवर मी साधा प्रश्न टाकला: चाकणला ठेकेदाराकडून कामाला असलेल्या पोराचा पगार थकला, तर तो देतो कोण? बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका भाचीने लिहिलं. तिचा नवरा तिथल्या एका सुट्या भागांच्या कारखान्यात ठेक्यावर होता. ठेकेदार बदलला, शेवटचा महिना बुडाला. कारखाना म्हणतो ठेकेदाराला विचारा. कायद्याने अशा वेळी पगाराची जबाबदारी मूळ मालकावर येते, असं मी तिला कळवलं. तिने विचारलं, अर्ज कुठे करायचा, आणि तो केला तर आताच्या ठेकेदाराला कळेल का?