साहेब, पगार एकसारखा थकवू नका

चेअरमनसाहेब, निवडून आल्याबद्दल अभिनंदन. साखर कारखाना हाती आला म्हणजे पगार थकणारच, त्यात लाजायचं काही नाही. कायदा म्हणतो पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत द्या. म्हणू दे.

ऊसवाल्यांचं मात्र जपा. 14 दिवसांत एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला उसाचा किमान दर, दिली नाही तर वर 15 टक्के व्याज, साखर आयुक्तांची आरआरसी, म्हणजे महसुली वसुलीचा हुकूम, मग महसूलवाले गोदामातल्या पोत्यांना हात घालतात. शिवाय ऊसवाल्याला मत असतं. बॉयलरवरच्या माणसाला नुसती वाफ.

सात-आठ महिने थकले की कुणीतरी कामगार आयुक्तांच्या कचेरीचा पत्ता विचारतो. एकटा जात असेल तर जाऊ द्या, चार तारखांत दमतो. धोका सगळे मिळून जाण्यात. 1936च्या कायद्यात बरी सोय होती: एकाच अर्जावर यायचं तर सगळ्यांचे थकलेले महिनेही तेच लागत. म्हणजे मिलहाउसचे सात थकवायचे, टाइम ऑफिसचे पाच, डिस्टिलरीला मधलाच एक देऊन टाकायचा. का दिला ते सांगायचं नाही. बाकीचं काम संशय करतो.

नव्या वेतन संहितेने ही गंमत घालवली. आता आस्थापनेतले कितीही जण एका अर्जावर येतात, पगार थकल्यापासून 3 वर्षांपर्यंत येतात, आणि वर दहापटीपर्यंत भरपाईचा हुकूम होऊ शकतो.

तेव्हा गाव कामाला लावा. सह्या गोळा करणाऱ्याच्या भावाच्या उसाला तुरे येईपर्यंत तोड देऊ नका. दिवाळीला उचल वाटा, पण चारांतल्या एकालाच. आणि कधी पगार केलाच, तर त्यातून कापलेला पतसंस्थेचा हप्ता संस्थेत भरू नका. (हे मला सगळ्यात आवडतं.) नोटीस कामगाराच्या घरी जाते, जामीनदार शेजारच्या मशीनवरचा कामगारच असतो. तुमच्यावर दावा लावायच्या आधी ते दोघे एकमेकांची गचांडी धरतात.

एवढं करूनही दीडशे सह्यांचा अर्ज आलाच, तर वकील पुण्या-मुंबईचा द्या. फी कारखान्याच्या खात्यातून, 7 तारखेच्या आत.