'होमगेम' एग बेटावर गेलेलं नाही

फेन्स रेकॉर्ड्स या छोट्या स्कॉटिश लेबलचं (गाणी प्रकाशित करणाऱ्या कंपनीचं) वार्षिक संगीत संमेलन 'होमगेम' पुढे स्कॉटलंडच्या पश्चिमेकडच्या एग बेटावर गेलं आणि 'हाउलिन फ्लिंग' या नावानं सुरू राहिलं, असं बरेच जण छातीठोकपणे सांगताहेत. ते चुकीचं आहे. यात दोन वेगळ्या लेबलांची गल्लत झाली आहे.

'होमगेम' हे पूर्व स्कॉटलंडमधल्या फाइफच्या किनाऱ्यावरच्या ॲन्स्ट्रदरचं. मच्छीमारांचं जुनं गाव, मासेमारीचं संग्रहालय बंदरालाच लागून. गाणी गावातल्या हॉलांमध्ये व्हायची आणि श्रोते एका हॉलातून दुसऱ्या हॉलात पायी जायचे. माझ्या मते या संमेलनाचा जीव त्या गावातच होता, म्हणून गावाचं नाव असं पुसलं जाणं खटकतं.

फेन्सची मंडळी २०१० मध्ये एगवर गेली खरी, पण 'अवे गेम' या वेगळ्या कार्यक्रमासाठी. घोटाळा बहुधा इथूनच सुरू झाला. २०१३ मध्ये फेन्स चालवणारे केनी अँडरसन (म्हणजेच गायक किंग क्रिओसोट) आणि जॉनी लिंच यांच्या वाटा वेगळ्या झाल्या. लिंच यांनी 'लॉस्ट मॅप' हे नवं लेबल काढलं. २०१४ मध्ये एगवर झालेलं 'हाउलिन फ्लिंग' या लॉस्ट मॅपचं, फेन्सचं नव्हे.